जखमेवरील पट्टी : व्यापारी बंधूंसाठी काही विचार

वाणिज्यवृत्ती म्हणजे गादी, तक्क्या आणि कीर्दखतावणी, अशी बाहेरच्या जगाची समजूत असते. प्रत्यक्षात दुकानाच्या मागील दारी आणि वखारीत जे चालते ते बरेच निराळे असते. गठ्ठ्याभोवती आवळलेली लोखंडी पट्टी तोडताना ती उसळते आणि तळहात चिरून जाते. तेलाचा डबा उघडताना पत्र्याची धार बोटात शिरते. पोते ओढण्याचा आकडा निसटून पायात रुततो. मिठाईच्या भट्टीवर उकळत्या पाकाचे थेंब मनगटावर उडतात. मुरारच्या सदर बाजारात असे एखादेच दुकान असेल की जेथे वर्षभरात कोणाचे रक्त सांडले नाही. अशा वेळी जे हाताशी असेल ते जखमेवर दाबले जाते. कोणी हळद भरतो, कोणी चुना, कोणी तपकीर, तर कोणी चुलीतील राख. रक्त थांबले की प्रकरण मिटले असे आपण मानतो. वस्तुतः खरे प्रकरण तेथूनच सुरू होते.

काही वर्षांपूर्वीची एक घटना येथे नमूद करणे आम्हांस अगत्याचे वाटते. आमच्या परिचयाच्या एका वखारीत एका वयस्क हमालाच्या पायात, अंगठ्याच्या बुडाशी, गंजलेला खिळा रुतला. खिळा उपसून काढला, तंबाखू व चुना एकत्र चोळून भोकात दाबला आणि वर जुन्या धोतराची चिंधी बांधली. त्या गृहस्थास मधुमेह होता. परंतु त्याची त्याला स्वतःलाच वार्ता नव्हती. दुखणे फारसे जाणवेना, म्हणून तो कामावर येत राहिला. पाचव्या दिवशी पाय घोट्यापर्यंत सुजला, ताप भरला, आणि शेवटी अंगठा व त्याच्या शेजारचे बोट काढावे लागले. मालक सज्जन होते. उपचाराचा सर्व खर्च त्यांनी केला. परंतु गेलेली बोटे खर्चाने परत येत नाहीत. त्या दिवशी आम्ही तेथेच उपस्थित होतो आणि ती चिंधी आम्हीच फाडून दिली होती, हे सांगितल्यावाचून हा लेख पुढे नेणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. प्रस्तुत लेखाचा उगम त्या चिंधीत आहे.

मुरारची रणभूमी आणि न दिसणारा शत्रू

आपले मुरार हे मुळात छावणीचे गाव. 29 डिसेंबर 1843 रोजी महाराजपूर व पनियार येथे लढाया झाल्या आणि त्यानंतर ग्वाल्हेर कंटिंजंट या फौजेचे ठाणे येथे वसले. 14 जून 1857 रोजी याच फौजेने उठाव केला, आणि पुढील वर्षी 16 जून 1858 रोजी सर ह्यू रोज याच्या सैन्याने मुरारची छावणी जिंकून घेतली. त्यानंतर एक-दोन दिवसांतच जवळच झालेल्या संग्रामात झाशीच्या राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या. 1886 साली ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी शिंदे सरकारांस परत मिळाली. हा इतिहास आपल्या मुलांना पाठ आहे.

परंतु त्या जून महिन्याच्या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंचे जे सैनिक जखमी होऊन पडले, त्यांचे पुढे काय झाले असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो. त्या काळी जगातील कोणत्याही शस्त्रवैद्याला जखम का सडते हे ठाऊक नव्हते. दूषित हवेमुळे पू होतो अशी समजूत होती. एकच स्पंज एका जखमेवरून दुसऱ्या जखमेवर फिरे. शस्त्र पुसण्याचे फडके हेच मलमपट्टीचे फडके असे. गोळीतून वाचलेला मनुष्य पुवाने जाई. रणांगणावरील दृश्य शत्रूपेक्षा जखमेतील अदृश्य शत्रू अधिक प्राणघातक होता.

या अज्ञानाचा अंधार मुरारच्या लढाईनंतर अवघ्या 7 वर्षांनी दूर होऊ लागला. 1865 च्या ऑगस्ट महिन्यात ग्लासगो येथील रुग्णालयात जेम्स ग्रीनलीज नावाचा 11 वर्षांचा एक मुलगा आणला गेला. गाडीचे चाक पायावरून गेल्याने त्याचे हाड मोडून कातडीबाहेर डोकावले होते. अशा पायाची त्या काळी एकच गती असे, ती म्हणजे पाय कापणे. परंतु जोसेफ लिस्टर या शस्त्रवैद्याने पाश्चर यांचे सूक्ष्म जीवांविषयीचे संशोधन वाचले होते. त्याने कार्बोलिक आम्लात भिजविलेले कापड जखमेवर ठेवले. जखम सडली नाही. सुमारे 6 आठवड्यांत हाड सांधले आणि मुलगा स्वतःच्या दोन्ही पायांवर घरी गेला. जंतूंना रोखणारी पट्टी, ही कल्पना जगाला येथून मिळाली.

आपल्या प्राचीन वैद्यांचेही स्मरण येथे केले पाहिजे. सुश्रुतसंहितेत पट्टी बांधण्याचे 14 प्रकार आणि व्रणावरील 60 उपक्रम सांगितले आहेत. कापूस, रेशीम, लोकर अशा निरनिराळ्या वस्त्रांची निवड कशी करावी याचे विवेचन तेथे आहे, आणि मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप व मीठ यांची धुरी देण्याचाही उल्लेख आहे. जंतू डोळ्यांनी दिसत नसतानाही जखमेभोवतीच्या स्वच्छतेचे महत्त्व त्यांनी अनुभवाने जाणले होते.

कापसाची करामत

आपल्यापैकी अनेकांचा कापडाशी व कापसाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. म्हणून पुढील गोष्ट त्यांस विशेष रुचेल. शेतातून आलेला कापूस पाण्यावर टाकला तर तो तरंगतो, कारण त्याच्या तंतूंवर नैसर्गिक मेण असते. असा कापूस रक्त वा पू शोषून घेत नाही. तो क्षारयुक्त पाण्यात उकळून, मेण काढून, विरंजन करून स्वच्छ केला म्हणजे तो शोषक कापूस होतो. त्याची परीक्षा सोपी आहे. उत्तम शोषक कापूस पाण्यावर टाकताच 10 सेकंदांच्या आत बुडाला पाहिजे. जो तरंगत राहील, तो निळ्या कागदात कितीही सुबक गुंडाळलेला असला तरी रुग्णाच्या कामाचा नव्हे.

मात्र कापूस उघड्या जखमेवर थेट ठेवू नये. त्याचे तंतू ओल्या मांसाला चिकटतात आणि आत राहिल्यास स्वतःच उपद्रव करतात. 1880 साली बर्मिंगहॅमचे शस्त्रवैद्य सॅम्पसन गॅमजी यांनी कापसाचा थर विरळ विणीच्या दोन कापडांमध्ये घालून जी गादी तयार केली, ती याच कारणाने, आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. जखमेला लागून गॉज, त्यावर कापूस, आणि त्यावर बांधण्याची पट्टी, हा क्रम लक्षात ठेवावा.

आणखी एक भ्रम दूर करणे आवश्यक आहे. बाजारात मिळणारी गुंडाळीची पट्टी किंवा कापसाचा रोल पांढराशुभ्र दिसतो म्हणून तो निर्जंतुक असतो असे नाही. ज्या पाकिटावर ‘निर्जंतुक’ असे स्पष्ट छापलेले आहे, जे फाटलेले वा ओलसर झालेले नाही आणि ज्याची मुदत संपलेली नाही, तेवढेच निर्जंतुक समजावे. गुंडाळीची पट्टी वरून बांधण्यासाठी आहे. जखमेला स्पर्श करणारा गॉज मात्र निर्जंतुकच हवा.

जखम वाळवावी की ओलसर ठेवावी?

आपल्या घरोघरी वडीलधारी माणसे सांगत आली की जखम उघडी ठेवावी, वारा लागू द्यावा, खपली धरली की बरे वाटेल. 1962 साली जॉर्ज विंटर या इंग्रज संशोधकाने डुकरांवरील प्रयोगांतून असे दाखविले की, उघड्या जखमेपेक्षा झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने येते. कोरड्या खपलीखालून नव्या पेशींना वाट काढावी लागते. ओलसर पृष्ठावरून त्या सहज सरकतात. आधुनिक पट्ट्यांचे सर्व शास्त्र या एका शोधावर उभे आहे. ओल राहावी, परंतु चिखल होऊ नये. हवा यावी, परंतु जंतू येऊ नयेत, हे त्याचे सूत्र होय.

जंतुरोधक पट्ट्यांचे आज अनेक प्रकार मिळतात. व्हॅसलिनसारख्या मऊ पॅराफिनने माखलेल्या जाळीदार कापडात क्लोरहेक्सिडीन मिसळलेले असते. ते जखमेला चिकटत नाही आणि जंतूंनाही रोखते. काहींत आयोडीन असते, जे पू शोषताना हळूहळू सुटत राहते. काहींत चांदी असते. चांदीचे सूक्ष्म कण जखमेच्या ओलाव्यात विरघळून जंतूंच्या प्रथिनांना जखडून टाकतात. भाजलेल्या रुग्णांसाठी चांदीयुक्त सल्फाडायझिनचे मलम 1968 पासून प्रचारात आले आणि जगभर पसरले.

मग प्रत्येक जखमेला चांदीची पट्टी लावावी काय? येथे व्यापाऱ्याचा लोभ आणि ग्राहकाची भीती या दोन्ही एकाच दिशेने ओढतात, म्हणून सत्य स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. 2010 साली चांदीच्या पट्ट्यांविषयीच्या सर्व चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा त्यांनी संसर्ग टळतो असे म्हणण्यास पुरेसा पुरावा आढळला नाही. 2016 साली जागतिक आरोग्य संघटनेनेही असा सल्ला दिला की, टाके घालून बंद केलेल्या शस्त्रक्रियेच्या जखमेवर संसर्ग टाळण्यासाठी साध्या निर्जंतुक पट्टीऐवजी महागड्या विशेष पट्ट्या वापरू नयेत. ज्या जखमेत संसर्ग झालेला आहे वा होण्याचा मोठा धोका आहे, तेथे वैद्याच्या सल्ल्याने विशेष पट्टी जरूर वापरावी; परंतु साध्या कापलेल्या बोटाला स्वच्छ पाणी, साबण आणि निर्जंतुक गॉज पुरेसा होतो.

सोलापूरचा मध आणि मुंबईची बटाट्याची साल

या विषयात महाराष्ट्राने जगाला दोन उल्लेखनीय गोष्टी दिल्या आहेत. मुंबईच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयातील शस्त्रवैद्य डॉ. केसवानी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरल्याचे निवेदन प्रसिद्ध केले. गरिबाला परवडेल, जखमेला चिकटणार नाही आणि ओल टिकवील, असे हे आवरण होते. गॉज ओढून काढताना मुलांना होणाऱ्या वेदना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनाच या शोधातील करुणा कळेल.

दुसरी गोष्ट सोलापूरची. तेथील डॉ. वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुब्रह्मण्यम यांनी मधाच्या पट्टीचा अभ्यास केला. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत वरवर भाजलेल्या 104 रुग्णांपैकी 52 जणांना मध आणि 52 जणांना चांदीचे मलम लावण्यात आले. मधाच्या गटात 91 टक्के जखमा 7 दिवसांत जंतुरहित झाल्या, तर मलमाच्या गटात 7 टक्केच. 15 दिवसांत मधाने 87 टक्के जखमा भरून आल्या, मलमाने 10 टक्के. पुढे 1996 साली त्यांनी मध आणि बटाट्याची साल यांची 100 रुग्णांवर तुलना केली; जंतू रोखण्याच्या कामी साल मागे पडली. साल ओल राखते, पण जंतूंशी झुंजत नाही, हा भेद त्यावरून स्पष्ट होतो.

मधाचा हा गुण कशामुळे? त्यात साखर इतकी दाट असते की जंतूंच्या अंगातील पाणीच शोषले जाते. तो आम्लधर्मी असतो. आणि जखमेतील ओलाव्याने पातळ होताच त्यातून थोडे थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होत राहते. तथापि स्वयंपाकघरातील बाटलीतला मध जखमेवर ओतू नये, कारण त्यात जंतूंची बीजे असू शकतात. वैद्यकीय उपयोगाचा मध किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. पुढील आढाव्यांत भाजलेल्या उथळ जखमांवर मधाचा लाभ मान्य झाला आहे. इतर प्रकारच्या अनेक जखमांविषयी मात्र निर्णायक पुरावा मिळालेला नाही.

आपल्या घरातील प्रश्न

येथे आमच्या वाचकांच्या मनात जो प्रश्न उभा राहिला असेल, तो आम्ही टाळू इच्छित नाही. मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग ज्या घरात पाळला जातो, तेथे मधाची पट्टी कशी चालावी? आणि प्रश्न मधापुरताच नाही. कोलॅजनची पट्टी गुरांच्या वा माशांच्या कातडीपासून होते. रक्त झटकन थांबविणाऱ्या कायटोसानच्या पट्ट्या बहुधा कोळंबी व खेकड्यांच्या कवचापासून बनतात. दिसायला निव्वळ रबरी वाटणाऱ्या हायड्रोकोलॉइड पट्टीत पुष्कळदा जिलेटीन असते. याउलट सुती गॉज वनस्पतिज आहे, मऊ पॅराफिन खनिज तेलापासून मिळते, अल्जिनेटची पट्टी समुद्रातील शेवाळापासून बनते, आणि फोमची पट्टी कारखान्यातील कृत्रिम द्रव्याची असते. चांदी, आयोडीन व क्लोरहेक्सिडीन यांतही प्राण्याचा अंश नाही.

बाह्य उपचाराला व्रताची मर्यादा कोठवर लागू होते, याचा निर्णय देण्याचा आम्हांस अधिकार नाही. तो ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार आणि गुरुजनांना विचारून करावा. आमचे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे. पहिली ही की, जवळजवळ प्रत्येक जखमेसाठी प्राणिज नसलेला पर्याय उपलब्ध असतो, म्हणून डॉक्टरांना संकोच न करता अगोदर विचारावे. दुसरी ही की, विचार करीत बसून उपचारास विलंब करू नये; पू वाढत असताना काळ थांबत नाही. आणि तिसरी ही की, आमच्यापैकी जे औषधांचा व शस्त्रक्रियेच्या सामानाचा व्यापार करतात, त्यांनी आपण विकत असलेली पट्टी कशापासून बनते हे स्वतः वाचून ठेवावे आणि विचारणाऱ्यास खरे तेच सांगावे. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असे म्हणावे. ग्राहकाला खोटे समाधान देणे ही वजनकाट्याखाली मेण लावण्यासारखीच फसवणूक आहे.

कायद्याचीही बाजू लक्षात घ्यावी. 1945 च्या औषध नियमांत शस्त्रक्रियेच्या पट्ट्या, गॉज व कापूस यांची प्रमाणके घालून दिलेली आहेत, आणि 1 एप्रिल 2020 पासून सर्व वैद्यकीय उपकरणे नियमनाच्या कक्षेत आणण्यात आली आहेत. विरळ विणीचा, कमी वजनाचा, न बुडणाऱ्या कापसाचा माल स्वस्तात मिळतो म्हणून भरणे हे नियमाच्या व नीतीच्याही विरुद्ध आहे. गोदामात हा माल कोरड्या जागी, जमिनीपासून उंच, फिनेल व मसाल्यांपासून दूर ठेवावा.

प्रत्येक पेढीवर एक पेटी

आता व्यवहाराचे बोलू. जखम होताच प्रथम आपले हात साबणाने धुवावेत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे घट्ट दाबून धरावे. मधून मधून उचलून पाहू नये. नंतर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली जखम नीट धुवावी व भोवतालची त्वचा साबणाने स्वच्छ करावी. जखमेत स्पिरिट वा पेरॉक्साइड ओतू नये. त्याने जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. निर्जंतुक गॉज ठेवून पट्टी बांधावी, पण इतकी आवळू नये की बोटे काळीनिळी पडतील. पट्टी भिजली वा मळली की बदलावी.

भाजले असेल तर अंगठी, बांगड्या ताबडतोब काढाव्यात आणि वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली भाग धरावा. बर्फ, तूप, शाई, दंतमंजन यांतील काहीही लावू नये. चुना, तंबाखू, माती, शेण व राख यांस जखमेजवळही येऊ देऊ नये. मातीत व शेणात धनुर्वाताच्या जंतूंची बीजे असतात. धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली, याची नोंद जमाखर्चाच्या वहीइतकीच काळजीने ठेवावी, आणि खोल वा घाण जखम झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांस विचारावे.

जखमेभोवती लाली पसरू लागली, ठणका वाढला, दुर्गंधी आली, पू दिसला किंवा ताप भरला, तर घरगुती उपाय करीत बसू नये. मधुमेही मनुष्याच्या पायावरील जखम कितीही लहान दिसली तरी तिला लहान मानू नये. जवळ मुरारचे जिल्हा रुग्णालय आहे, आणि 1946 साली स्थापन झालेले गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालयही ग्वाल्हेरातच आहे. साधने दूर नाहीत, दूर असते ती आपली तत्परता. उरलेल्या प्रतिजैविक गोळ्या मनाने खाणे किंवा त्या फोडून त्यांची पूड जखमेवर टाकणे हेही थांबविले पाहिजे; त्यामुळे जंतू औषधाला सरावतात आणि पुढच्या खऱ्या दुखण्यात ते औषध निकामी ठरते.

आमची सर्व सभासद बंधूंस नम्र विनंती आहे की, आपल्या दुकानात, वखारीत आणि घरात एक साधी पेटी ठेवावी. तीत साबणाची वडी, निर्जंतुक गॉजची पाकिटे, गुंडाळीच्या पट्ट्या, शोषक कापूस, चिकटपट्टी, कात्री आणि पोव्हिडोन आयोडीनची लहान बाटली असावी. आजूबाजूची स्वच्छ केलेली त्वचा पुसण्यास ती उपयोगी पडते. पेटीला कुलूप लावू नये, आणि ती शेठजींच्या खोलीत न ठेवता हमाल व नोकर यांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवावी. दर दिवाळीला वह्यापूजनाच्या वेळी तिच्यातील मुदत संपलेला माल बदलावा, म्हणजे विसर पडणार नाही.

ज्या वखारीची हकीकत आम्ही आरंभी सांगितली, तेथे आता दाराशेजारी अशी एक पेटी आहे. तो वृद्ध हमाल आता ओझी उचलत नाही. दाराशी बसून आवकजावकेची मोजदाद करतो आणि ती पेटी सांभाळतो. नवा कोणी पोऱ्या बोट कापून चुन्याच्या डबीकडे धावला, तर तो त्याचा हात धरून त्याला आधी नळाकडे नेतो. आपला पाय मात्र तो कोणाला दाखवीत नाही, आणि आम्हीही त्याला तो दाखवावयास सांगितलेला नाही.